पाणबुडीचा तळमजला

बायकोला 'सिस्टर' अशी हाक मारणारा नवरा त्या इमारतीत एकच होता. नवीन राहायला आलेले लोक दचकायचे. मग कुणीतरी समजावायचं, की बाई इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या, आणि हा लिफ्टचा मिस्त्री तिथली लिफ्ट दुरुस्त करायला गेला तेव्हा त्या दोन मजल्यांच्या मधोमध अडकल्या होत्या. फटीतून डोकावून त्यानं विचारलं, "सिस्टर, घाबरला नाहीत ना?" आतून उत्तर आलं, "घाबरले नाही. पण माझी चहाची वेळ टळली, तिचं काय करताय?" त्यानंतर त्याच्या तोंडी दुसरी हाक बसलीच नाही. लग्न झालं, एकेचाळीस वर्षं लोटली, तरी नाही.

मिस्त्रीला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. तरी कान कामावरच होते. सोफ्यावर बसल्या बसल्या तो म्हणायचा, "तिसऱ्या मजल्याच्या दाराचं चाक गेलंय," आणि आठवड्याभरात ते खरोखर अडकायचं. सिस्टर म्हणायची, "तुम्ही नजर लावता त्या लिफ्टला."

तर हा मिस्त्री एका मंगळवारी सकाळी जेवणाच्या टेबलापाशी हातात ड्रिल घेऊन उभा होता, आणि ते चालवायचा त्याला धीर होत नव्हता. टेबलावर जुन्या टॉवेलवर एक पाणबुडी उताणी पडली होती. सव्वा मीटर लांब, करड्या रंगाची, रेडिओवर चालणारी. ती त्याची नव्हती. सिस्टरच्या थोरल्या भावाची होती. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मिस्त्री त्यांना मास्तर म्हणायचा. मास्तरांनी ती चार वर्षं खपून बांधली होती. अंगावरचा एकेक रिव्हेट म्हणजे सुईच्या टोकानं ठेवलेला डिंकाचा थेंब. असे दोन हजारांवर थेंब. मोजले होते त्यांनी. चित्रकलेचा मास्तर, दुसरं काय करणार?

आणि अशा पाणबुडीच्या पोटाला मिस्त्री भोक पाडणार होता.

"पाडा की," सिस्टर भाजी निवडता निवडता म्हणाली. "पेशंट काही हलत नाहीये."

"बोलणं सोपं आहे. तुझ्या दादाची चार वर्षं आहेत ही."

"माझ्या दादानंच दिलीय ना तुम्हाला? मग?"

दिली होती, हे खरं. पण कशी दिली, तेच मिस्त्रीला डाचत होतं.

मास्तरांना तीन वर्षांपासून कंपवात होता. आधी उजवा अंगठा, मग हात, मग दोन्ही हात. एकटं राहणं जमेना, तेव्हा मुलीनं त्यांना आपल्या गावी न्यायचं ठरवलं. खोली रिकामी करताना ते मिस्त्रीला म्हणाले, "ही तुम्ही ठेवा. मला आता चालवता येत नाही. हिच्या रिमोटची दांडी अगदी केसाएवढी हलवावी लागते. माझा हात हलला की ही बिचारी नाकावर आपटते."

ही त्या पाणबुडीची खोड होती. ती बुडायची ती धावता धावता. पुढे पळवायची, आणि पळताना बाजूचे पंख खाली झुकवायचे, की पाण्याचा दाब तिला खाली ढकलायचा. थांबली, की बुचासारखी टुणकन वर. पंख सांभाळायला हात सोनाराचा हवा. मास्तरांचा तसा होता. आता नव्हता.

"एक मात्र राहिलं," मास्तर म्हणाले होते. "हिला उभ्याउभ्या बुडताना बघायचं होतं. पळत नाही, घाबरत नाही, जागच्या जागी शांतपणे खाली जाते, आणि वाटेल तेव्हा वर येते. खऱ्या पाणबुड्या जातात तशी. नाही जमलं. असो."

'असो' म्हणून त्यांनी पाणबुडी टॉवेलात गुंडाळली. मिस्त्रीनं ती घेतली, जिना उतरला, आणि खालच्या पायरीवर येऊन बसला. लिफ्ट असताना जिन्यानं उतरला, यावरून त्याची अवस्था ओळखावी.

कारण मास्तरांचं त्याच्यावर एक ऋण होतं, पैशाचं नव्हे. पस्तीस वर्षांपूर्वी कंपनीनं फर्मान काढलं, की ज्यांना वायरिंगचा नकाशा वाचता आणि काढता येत नाही त्यांनी परीक्षा द्यावी, नाहीतर घरी बसावं. मिस्त्रीचे हात हुशार होते, पण कागद पुढे आला की त्याला घाम फुटायचा. दोनदा नापास झाला. घरी सांगितलं नाही. सिस्टरला वाटत होतं, तो पहिल्याच फटक्यात पास झाला. मास्तरांना मात्र त्यानं सांगितलं, आणि मास्तर दर गुरुवारी संध्याकाळी शाळेतून परस्पर त्याच्या वर्कशॉपवर यायला लागले. सलग आठ महिने. बगलेत कागदाची गुंडाळी, खिशात तीन पेन्सिली.

"मिस्त्री, ठिपका अंदाजानं द्यायचा नाही," ते सांगायचे. "ठिपका दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं असतो. आधी रेघा शोधा, ठिपका आपोआप सापडतो."

प्रत्येक नकाशाला ते दहापैकी मार्क द्यायचे. दहा कधी दिले नाहीत. नऊपर्यंत यायचे आणि काहीतरी सापडायचंच. मिस्त्री परीक्षा पास झाला, पुढे सुपरवायझर झाला, घर झालं. मास्तरांनी त्या गुरुवारांबद्दल बहिणीलासुद्धा चकार शब्द सांगितला नाही. आणि मिस्त्रीनं त्यांचे आभार मानले नाहीत. मानायचे राहून गेले, असं तो स्वतःला सांगायचा. खरं सांगायचं तर लाज वाटली. पुरुषांना कृतज्ञतेची लाज वाटते, आणि मग ती लाज पस्तीस वर्षं कुरतडत बसते. सरळ दोन शब्द बोलून मोकळं व्हावं, पण नाही.

आता मुलगी रविवार सोडून पुढच्या रविवारी अकराच्या गाडीनं त्यांना घेऊन जाणार होती. हातात बारा दिवस होते.

मिस्त्रीनं ड्रिल चालवलं.

कल्पना मात्र साधी होती, आणि ती सिस्टरच्या हातून आली. पाणबुडी घरी आली त्या दिवशी तो तासभर डोकं धरून बसलेला बघून तिनं कपाटातून एक मोठी सिरिंज काढली, पाण्याच्या पेल्यात बुडवली आणि दट्ट्या मागे ओढला. "हे बघा. दट्ट्या ओढला, पाणी आत. दाबला, पाणी बाहेर. पाणी आत आलं की जड, गेलं की हलकी. एवढंच ना तुमचं?"

एवढंच होतं. पाणबुडीच्या पोटात एक जाडसर पारदर्शक नळी आडवी बसवायची. तिचं एक तोंड पोटाच्या भोकातून बाहेरच्या पाण्याला उघडं. नळीत दट्ट्या. दट्ट्याला आटे पाडलेला दांडा, आणि दांडा फिरवायला छोटी मोटर. मिस्त्रीच्या डोळ्यांत तेज आलं. "अगं, ही तर लिफ्टच झाली! आडवी लिफ्ट! दोन टोकांना दोन स्विच. दट्ट्या टोकाला पोचला, स्विच दाबला, मोटर बंद. वरचा मजला आणि खालचा मजला. मध्ये कुणाच्या हाताची करामत नकोच."

"मग दादाचा हात थरथरला तरी..."

"थरथरू दे! लिफ्टचं बटण दाबायला कुठे सोनाराचा हात लागतो?"

तिथून मिस्त्रीला दम नव्हता. पाणी किती आत घ्यायचं, हे काढायला त्यानं पाणबुडी बाथटबात सोडली. सिस्टरनं त्या टबात वाळत घातलेले स्वेटर आधी काढले आणि त्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग त्यानं पाणबुडीच्या पाठीवर एकेक नट, एकेक बोल्ट ठेवत नेला. ती हळूहळू खाली गेली, आणि पाठीवरून पाणी वाहिलं तेव्हा तो थांबला. सगळे नटबोल्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. चारशे दहा ग्रॅम. म्हणजे नळीत चारशे दहा ग्रॅमहून थोडं जास्त पाणी मावलं पाहिजे. जन्मभर माणसांच्या वजनाला लोखंडाचं वजन तोलून धरणाऱ्याला हा हिशोब शिकवावा लागत नाही. लोकांना वाटतं, लिफ्ट मोटर ओढते. ओढतात ती मागची वजनं. मोटर नुसतं कुठे जायचं ते ठरवते.

पहिली चाचणी फजितीची झाली. नळी त्यानं नाकाकडे बसवली होती, कारण तिथं जागा होती. पाणी आत गेलं आणि पाणबुडीनं शीर्षासन केलं. नाक टबाच्या तळाला, शेपटीचा पंखा हवेत गरागरा. सिस्टर दाराला टेकून हसत सुटली. "अहो, उभ्याउभ्या बुडायचं ठरलं होतं. उलटं नाही!"

"सगळी माणसं लिफ्टच्या एका कोपऱ्यात उभी राहिली असं झालं," मिस्त्री पुटपुटला. दोन दिवस खपून त्यानं बॅटरी नाकाकडे नेली आणि नळी बरोबर मधोमध आणली. खाली शिशाच्या पट्ट्या, वर हलक्या फोमचे तुकडे, म्हणजे ती कलंडणार नाही. मग दट्ट्या गळायला लागला. त्यावर त्यानं रबराची रिंग आवळून आवळून बसवली, तर मोटरला दट्ट्या सरकवेना.

"कोरड्या रबराशी मारामारी करू नका," सिस्टर म्हणाली. "एक घट्ट रिंग घालण्यापेक्षा दोन सैल घाला. मध्ये जरा जागा ठेवा आणि सिलिकॉनचं ग्रीस लावा, बोटभर नाही, बोटाच्या टोकाएवढं."

तसं केल्यावर दट्ट्या लोण्यातून जावा तसा गेला. मिस्त्रीनं बायकोकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर लग्नाच्या तिसऱ्या वर्षानंतर तिनं पाहिली नव्हती.

तरी एक भानगड राहिलीच. सगळं जुळलं, पाठ बंद केली, सोळा स्क्रू आवळले, आणि पाणबुडी उजवीकडे झुकू लागली. मिस्त्रीनं डावीकडे शिसं वाढवलं. परत झुकली. अख्खी दुपार गेली.

सिस्टर आली. तिनं टेबलावरच्या हत्यारांकडे पाहिलं. "मोजलीत?"

"काय मोजायचं?"

"पोट शिवण्याआधी हत्यारं मोजतात. थिएटरमध्ये मी तीस वर्षं मोजली. मोठमोठे सर्जन सुई हातात घेऊन माझ्या आकड्याची वाट बघत थांबायचे." तिनं बोट नाचवत मोजलं. "पाने किती होते संचात?"

"आठ."

"सात आहेत."

"आठवा असेल कुठेतरी."

"असेल ना. पेशंटच्या पोटात असेल."

सोळा स्क्रू परत निघाले. बॅटरीच्या उजव्या अंगाला, खाली दडून, दहा नंबरचा पाना निवांत पडला होता. मिस्त्रीनं तो मुकाट्यानं जागेवर ठेवला. रात्री पोळी वाढताना सिस्टर म्हणाली, "मोजून तीन." तेवढं पुरलं.

शेवटची दोन कामं मिस्त्रीनं कुणालाही न विचारता केली. पहिलं हे, की मास्तरांच्या जुन्या, लांब अँटेनाच्या रिमोटवर त्यानं लिफ्टची खरीखुरी बटणं बसवली. पितळेची, रुपयाहून मोठी, एकावर वर बाण, एकावर खाली बाण. ती त्यानं पाडलेल्या एका इमारतीतून जपून आणली होती. अंगठा कसाही थरथरत आला तरी चुकणार नाही एवढी मोठी. एकदा दाबायचं आणि सोडायचं, पुढचं पाणबुडी बघेल.

दुसरं काम म्हणजे एक छोटी पेटी. रेडिओचा संदेश मध्येच तुटला तर पाणबुडीनं काय करायचं, हे या पेटीला आधी सांगून ठेवावं लागतं. मिस्त्रीला विचार करावा लागलाच नाही. वीज गेली, बिघाड झाला, काहीही झालं, तर लिफ्ट सावकाश खाली आणायची आणि दार उघडायचं. खाली जमीन असते. चौतीस वर्षं त्यानं हेच केलं, हेच शिकाऊ लोकांच्या डोक्यात भरलं. हात आपोआप चालला. दोन तारा जोडल्या. मग त्यानं सगळ्या यंत्रणेचा नकाशा काढला, नीट, पट्टी लावून, आणि पेटीजवळ एक छोटा बाण काढला. खाली.

रविवारी सकाळी नऊला चौघं बागेतल्या तळ्यावर जमली. मास्तर बाकावर बसले, मांडीवर दोन्ही हात एकमेकांत अडकवून. शेजारी त्यांची मुलगी. तिचं अर्धं लक्ष घड्याळात.

"आतोबा, अकराला गाडी यायचीय हं."

"येऊ दे. तिलाही दाखवू," मिस्त्री म्हणाला. तो इतका खुशीत होता, की त्याचं त्यालाच कळत नव्हतं. रिमोट मास्तरांच्या हातात द्यायचा, हे त्यानं गुपित ठेवलं होतं. आधी एकदा स्वतः करून दाखवावं, खात्री करून घ्यावी, मग द्यावा. इथंच चुकलं. काठाजवळ, गुडघाभर पाण्यात करून बघायचं सोडून त्यानं पाणबुडी ऐटीत मध्यावर नेली. तिथं पाणी छातीएवढं आणि तळ गढूळ.

"मास्तर, बघा हं. पळत नाहीये. थांबलीय."

त्यानं खालचं बटण दाबलं.

पाणबुडी जागच्या जागी, जराही न हलता खाली गेली. पाठ गेली, मनोरा गेला, पेरिस्कोपचं टोक गेलं. पाण्यावर एक वर्तुळ राहिलं आणि तेही विरलं. मास्तर बाकावर पुढे झुकले. हातांची थरथर क्षणभर थांबल्यासारखी वाटली.

मिस्त्रीनं दहा आकडे मोजले आणि वरचं बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. अँटेना पूर्ण बाहेर ओढली. दाबून धरलं. तळं आरशासारखं पडलं होतं.

"येईल," मिस्त्री म्हणाला.

पाच मिनिटं झाली. सिस्टर पायऱ्यांवर उभी होती, ती खाली आली आणि हळूच म्हणाली, "अहो, संदेश तुटला तर काय करायचं सांगितलंय तुम्ही तिला?"

"सुरक्षित जागी जायचं."

"म्हणजे कुठे?"

"म्हणजे खा..." मिस्त्रीचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"खाली?"

"लिफ्ट खालीच आणतात!"

"लिफ्टच्या खाली जमीन असते हो! पाणबुडीची जमीन वर असते!"

चारशे ग्रॅम पाणी पोटात घेऊन पाणबुडी चिखलात बसली होती, अगदी आज्ञाधारकपणे. पाण्याखाली रेडिओच्या लहरी लंगडतात, त्यात हे अंतर. संदेश तुटला, आणि तिनं मिस्त्रीनं सांगितलं तेच केलं. बॅटरी आणखी तासभर टिकली तर टिकली. ती संपली, की कितीही बटणं दाबा, दट्ट्या हलणार नाही. मग बांबूनं ढोसून काढायची. म्हणजे पेरिस्कोप गेला, पंख गेले, दोन हजार थेंब गेले. मास्तरांची चार वर्षं त्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत बुडवली होती. आभार मानायला निघाला होता!

"मास्तर..." तो बाकासमोर येऊन उभा राहिला.

मास्तर तळ्याकडेच बघत होते. "मिस्त्री, जवळ गेलं तर रेडिओ पोचेल?"

"पोचेल. अगदी डोक्यावर गेलो तर पोचेल. पण कुठे आहे ते दिसतंय कुठं? अंदाजानं शिरलो आणि पाय पडला तर चक्काचूर."

"अंदाजानं?" मास्तरांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "ठिपका अंदाजानं देतात का?"

मिस्त्री तळ्याकडे वळला.

"मी इथून हललेलो नाही. ती गेली तेव्हा पेरिस्कोपच्या बरोबर मागे ती उंच चिमणी होती. ही झाली एक रेघ." ते बहिणीकडे वळले. "तू कुठे उभी होतीस?"

"तिसऱ्या पायरीवर, कठड्याला हात लावून."

"शेवटची दिसली तेव्हा मागे काय होतं?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, पाणी होतं. सिस्टरनं डोळे मिटले आणि उघडले. "पलीकडची पांढरी पाटी. तिचा डावा खांब."

"ही दुसरी. जा, तिथंच उभी राहा. मिस्त्री, तुम्ही पाण्यात उतरा. मी चिमणी झाकायला सांगेन, ती खांब झाकायला सांगेल. दोन्ही झाकलं की तुम्ही ठिपक्यावर."

पांढऱ्या पाटीवर 'पाण्यात उतरू नये' असं लिहिलं होतं. मिस्त्रीनं बूट काढले, नकाशाचा कागद खिशातून काढून भाचीच्या हातात दिला, आणि रिमोट डोक्यावर धरून उतरला. पाणी गार होतं. गुडघे, कंबर, पोट.

"मिस्त्री, डावीकडे! तुमची डावी नव्हे, माझी डावी!"

"अहो, पुढे या! अजून! पोट आत घ्या, खांब दिसत नाहीये!"

"खांब झाकायचाच आहे ना!"

"पोटानं नाही, डोक्यानं झाका!"

"आतोबा, जपून!" भाची बाकावर उभी राहून ओरडत होती. घड्याळ ती विसरली होती.

पाणी छातीला लागलं. मिस्त्री पाय उचलत नव्हता, सरकवत होता, एका वेळी चार बोटं. मग बाकावरून आणि पायरीवरून, भावाच्या आणि बहिणीच्या तोंडून, एकाच दमात आवाज आला.

"थांबा!"

तो थांबला. अँटेना पाण्याच्या अगदी जवळ झुकवली आणि अंगठा पितळेवर दाबला.

आधी काहीच नाही. मग त्याच्या पोटापुढे, हातभर अंतरावर, बुडबुड्यांची एक बारीक ओळ वर आली. मिस्त्रीनं आयुष्यात हजारो लिफ्ट वर येताना ऐकल्या होत्या, पण त्या बुडबुड्यांइतका गोड आवाज एकीचाही नव्हता. पेरिस्कोप वर आला. मनोरा आला. करडी पाठ चिखलाचे ओघळ सोडत सावकाश, सरळ, जागच्या जागी वर आली आणि त्याच्या छातीला टेकून थांबली.

त्याच वेळी, छातीभर पाण्यात, हात वर केलेल्या अवस्थेत, मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं. "मास्तर! ते गुरुवार! आठ महिने तुम्ही आलात! मी कधी... मी तुमचा फार ऋणी आहे हो!"

तळ्याभोवती फिरायला आलेली दोन माणसं थांबून बघायला लागली.

"कसले गुरुवार?" सिस्टर पायरीवरून ओरडली.

"तू गप," मास्तर म्हणाले. मग मिस्त्रीला, "आधी बाहेर या. न्यूमोनियानं ऋण फिटत नाही."

मिस्त्री निथळत काठावर आला. तोवर मास्तरांनी मुलीकडून नकाशा मागून घेतला होता आणि मांडीवर पसरला होता. कागद त्यांच्या हाताबरोबर फडफडत होता. त्यांचं बोट फिरत फिरत पेटीजवळच्या छोट्या बाणावर येऊन थांबलं.

"उलटा," ते म्हणाले.

"हो."

मुलीनं पर्समधून पेन दिलं. मास्तरांनी खालचा बाण खोडला आणि वर जाणारा काढायला घेतला. दोन बोटं लांबीची रेघ, पण तिला पुरतं मिनिट लागलं. ती वाकडीतिकडी, नागमोडी वर गेली. कुणी मदतीला हात पुढे केला नाही. सिस्टरनं तर भाचीचा हात धरूनच ठेवला. मग त्यांनी कोपऱ्यात आकडा लिहिला, आणि तो वाचायला मिस्त्रीला कागद तिरका धरावा लागला.

नऊ.

"एक बाणाचा कापला," मास्तर म्हणाले. "बाकी रेघा स्वच्छ आहेत. हात विसरला नाही तुमचा."

तिथंच बाकावर सोळा स्क्रू निघाले, दोन तारांची अदलाबदल झाली, सिस्टरनं पाने मोजले, आठ भरले, आणि सोळा स्क्रू परत आवळले. मिस्त्रीनं पाणबुडी या वेळी काठाशी, कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात सोडली आणि रिमोट मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

मास्तरांनी बटणांवरच्या बाणांवरून बोट फिरवलं.

"मला?"

"दाबायचं आणि सोडायचं. केसाएवढं वगैरे काही नाही. बटण चुकवून दाखवा, मी चहा पाजतो."

अंगठा थरथरत खाली आला, पितळेवर टेकला आणि दबला. पाणबुडी उभ्याउभ्या पाण्याखाली गेली आणि तळाशी, सगळ्यांना दिसेल अशी, शांत उभी राहिली. एक मासा येऊन तिच्याकडे बघून गेला. मास्तरांनी तिला बराच वेळ तशीच राहू दिली. मग वरचं बटण दाबलं. ती आली. परत खाली. परत वर. पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसलेलं पोर करतं तसं सुरू झालं.

"बाबा, गाडी आली," मुलगी म्हणाली.

"उभी राहू दे. हीपण उभी आहे."

सातव्या वेळेनंतर मिस्त्रीनं पाणबुडी पुसली, टॉवेलात गुंडाळली आणि भाचीनं बोलावलेल्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली. वर पट्टा बांधला.

"अहो, ही तुम्हाला दिली होती," मास्तर म्हणाले.

"दुरुस्तीला दिली होतीत. झाली दुरुस्ती." मग भाचीला, "तुझ्या घराजवळ तळं आहे ना?"

"आहे, आतोबा. पलीकडेच. पण उथळ आहे."

"उथळच बरं."

नकाशा मात्र मिस्त्रीनं दिला नाही. तो त्यानं ओल्या खिशात न घालता सिस्टरच्या पर्समध्ये सपाट ठेवला. घरी जाताना दोघं इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरली. मिस्त्रीच्या पँटमधून पाणी ठिबकत होतं. दार बंद झालं तसं सिस्टरनं विचारलं, "आता सांगा, कसले गुरुवार?"

लिफ्टमध्ये पळायला जागा नसते. पाचव्या मजल्यापर्यंत त्यानं सगळं सांगितलं, दोनदा नापास झाल्यासकट. दार उघडलं, बंद झालं, पण कुणी बाहेर आलं नाही. सिस्टरनं हात लांब करून तळमजल्याचं बटण दाबलं.

"हे काय?"

"परत खाली चला. आणि पहिल्यापासून सावकाश सांगा. पस्तीस वर्षं गप्प बसलात, दोन फेऱ्या तर हव्यातच."

दोन आठवड्यांनी भाचीच्या फोनवरून निरोप आला. मास्तरांनी स्वतः टाइप केला होता, अर्धी अक्षरं चुकलेली, पण वाचता येत होता. 'आज बारा वेळा. बाराव्या वेळी संदेश तुटला. वर आली.'

मिस्त्रीनं तो सिस्टरला वाचून दाखवला. मग जेवणाच्या टेबलासमोर, भिंतीवर लावलेल्या नकाशाकडे पाहिलं. त्यातला तो नागमोडी बाण अजून वरच चालला होता.